पोत्याची गाठ मी सोडली

लग्न होऊन किकवीहून हिर्डोशीला आले, तेव्हा सासूबाईंशी माझं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई' यापुढे जात नव्हतं. साठचं दशक सरत आलं होतं. एसटी आली तर आली, नाहीतर पाय होतेच. घरात मात्र उंदरांचा सुकाळ. भाताच्या बियाण्याची कणगी त्यांनी कुरतडली, तेव्हा सासूबाईंनी पलीकडच्या वाडीतून एक मांजर पोत्यात घालून आणवली.

नवी मांजर सोडण्याआधी पोतं चुलीपुढं तीनदा ओवाळायचं, म्हणजे ती घर सोडत नाही, अशी आमच्या सासरची रीत. सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. पोतं आतून ओरडत होतं आणि माझ्यात दम कधीच नव्हता. आई म्हणायची, ही उकळी फुटायच्या आधीच चहा गाळते. मी उंबऱ्यातच गाठ सोडली. करड्या रंगाचं काहीतरी माझ्या मनगटावर ओरखडा काढून थेट माळ्यावर पळालं.

सासूबाईंनी डोक्यावरचा हंडा उतरवला. "आता न्हाई ऱ्हायाची ती," म्हणाल्या. "तूच सोडलीस, आता तूच टिकीव."

झालं! अंगाची हळद उतरली नव्हती आणि घरचं बियाणं माझ्या गळ्यात पडलं. मी शिडी चढून मांजरीला चुचकारलं, मग रागावले, मग चक्क शिव्या दिल्या. भाताच्या कणग्यांमागून फक्त दोन डोळे दिसायचे. वाटीतली दूधभाकरी मी खाली उतरल्यावर संपायची.

म्हणून मी युक्ती केली. दुपारी सासूबाई शेताकडे गेल्या की वाल सोलायला माळ्यावर बसायचं, वाटी मागे ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करायची. वळून न बघणं मला फार जड गेलं. पण आठेक दिवसांनी पाठीमागे लपलप ऐकू आली. मग वाटीशेजारी हात ठेवू लागले. एके दिवशी बोटांना गार नाक लागलं आणि मी श्वास रोखून बसले. पुढे कानामागे खाजवू दिलं, हनुवटीखाली खाजवू दिलं, पण हात मानेखाली गेला की स्वारी पसार. महिनाभर मी मानेवरच समाधान मानलं.

एका दुपारी ती आपण होऊन मांडीत आली, गोल झाली आणि घुरघुरू लागली. वाल तसेच राहिले. मी रडले. माहेर सुटल्यापासून मला असं टेकून कुणीच बसलं नव्हतं.

मांजर उंदीर धरू लागली तरी सासूबाईंनी कौतुक केलं नाही. "मांजर घराला लागती, मान्साला न्हाई. लई जीव लावू नगंस," एवढंच म्हणाल्या.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला किकवीला गेले. मन मात्र माळ्यावर. तिला वाटी कोण ठेवणार? कंटाळून निघून गेली तर? पत्रात मांजरीची चौकशी केली असती तर सगळं सासर हसलं असतं. मालक भेटायला आले तेव्हा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "कंची मांजर?"

लेक तीन महिन्यांची झाल्यावर परतले. बाळ घोंगडीवर ठेवलं आणि आधी शिडी चढले. माळा रिकामा. खाली येऊन पहिल्यांदाच मी सासूबाईंना आपणहून विचारलं, "आत्याबाई, मांजर कुठं हाय?"

तेवढ्यात ती घरामागच्या परड्यातून आली. मी हात पुढे केला. तिनं हुंगला, बाजूला झाली आणि सरळ सासूबाईंच्या मांडीत जाऊन बसली.

माझा संताप झाला. "म्हंजी मला इसरली व्हय ही!"

"तू गेल्यावर अन्नाला शिवंना," सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मंग म्याच वाटी घिऊन माळ्यावर बसाय लागले. पाठ करून. तू बसायचीस तशी."

म्हणजे त्या सगळ्या दुपारी सासूबाई मला बघत होत्या. शेताकडे जाताना, दाराआडून, कधी ते देव जाणे. मी रडलेलीही त्यांनी पाहिली असणार. आणि गुडघे धरलेली ही बाई रोज ती शिडी चढली होती.

मी लेकीला उचललं आणि त्यांनी न बोलावता त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.