बांगडीवाल्याची कबुली

धानोऱ्याच्या आठवडी बाजारातला बांगडीवाला, बांगडी चढताना हात दुखू नये म्हणून, बायांना बोलण्यात गुंतवतो. एका बाजारी मोबाईलवर काहीतरी पाहून तो प्रत्येकीला सांगत सुटला, "लेकराले व्हिटॅमिन 'ए'चा डोस नका पाजू. जहर हाये."

मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला समजावलं.

पुढच्या बाजारी तो दिसेल तिचा हात धरू लागला. "बाई, मी गलत बोल्लो. लय झालं त बाधते, पण नर्सबाई मोजून देतेत. पाजून आणा." चूक सांगताना त्याचा आवाज आधीपेक्षा मोठा होता. बाया हसल्या, तरी तो खाली बघेना.

"भाऊ, माह्या घरी लहान लेकरू नाई," त्यानं माझाही हात धरला तेव्हा मी म्हटलं.

"शेजारी त असन ना?" म्हणाला, आणि हात सोडलाच नाही.