कुंडलिक लोहाराचा पाटा

भोरच्या कुंडलिक लोहाराचा हात कोयत्यावर बसलेला. हिर्डोशीपासून वरव्यापर्यंत त्याच्या कोयत्याला नावं ठेवणारा माणूस सापडायचा नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. कोयत्यासाठी त्याला मोटारींच्या मागच्या कमानीतले मोडके पाटे लागत. त्यामुळे मोटारीतलंही आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज होऊन बसला होता.

लढाई चालू होती. नवे पाटे कुठं मिळेनात. मानसिंगची लॉरी हिर्डोशीहून तांदळाची पोती आणायची, आणि भरली की मागून अशी बसायची की चाकं वरच्या फळ्यांना घासायची.

"कुंडलिकदादा, मागं येकेक पाटा वाढवून द्या," मानसिंग म्हणाला.

कुंडलिकनं मोडक्या पाट्यांतून घडवून दिला, पण कोयत्याला देतात तसं कडक पाणी देऊन, लालबुंद लोखंड एकदम पाण्यात बुडवून. तिसऱ्याच फेरीला, नीरेकाठच्या उतारावर पाटा कटकन मोडला आणि लॉरी कलंडता कलंडता आंब्याच्या झाडाला टेकली. पोत्यांवर बसलेली चार माणसं वाचली, नशीब त्यांचं! मानसिंगनं मोडलेले तुकडे आणून भात्याजवळ ठेवले.

कुंडलिकचं अन्नावरचं मन उडालं. शेवटी त्याची बायको फुलाबाई वैतागली. "अवो, ह्याला धार लावायची हाय का वजन पेलायचंय? कोयता ताठ लागतो, ह्यो वाकून परत उठाया पायजे!"

वीस वर्षं भाता ओढणाऱ्या बाईला दिसलं ते या शहाण्याला दिसलं नव्हतं. त्यानं नवे पाटे घडवून ते पाण्याऐवजी करंजाच्या तेलात विझवले, पुन्हा मंद आचेवर धरले, मग सावकाश निवू दिले. दोन दगडांवर पाटा आडवा ठेवून नवराबायको त्यावर उभी राहिली. पाटा दबला. दोघं उतरली तसा जागेवर आला.

पाटे बसवून झाल्यावर मानसिंगनं हळूच विचारलं, "दादा, चंद्राबाईला बाळंतपणाला आणायचं हाय न्हवं? हिच्यातनं आणू?"

चंद्रा ही कुंडलिकची एकुलती एक लेक, हिर्डोशीला दिलेली, सातवा महिना लागलेली. कुंडलिक वाकून पाटे पुन्हा चाचपू लागला. परक्यांची माणसं बसत होती तेव्हा आपण एवढा विचार केला नव्हता, हे त्याला तिथंच उमगलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणू," तो म्हणाला. "पर म्याबी येतो. मागं, पाट्यावरच बसतो."

परतीला लॉरी पोत्यांनी भरली. चंद्रा पुढं मानसिंगशेजारी, तिचा बाप मागच्या चाकाच्या वर, पोत्यांवर, फळी घट्ट धरून. तोच उतार आला. तोच आंबा. मागचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं आणि कुंडलिकनं डोळे गच्च मिटले. गाडी खाली दबली, वर उठली आणि चालू लागली. एवढंच झालं.

भोरला लॉरी थांबली तेव्हा पुढून लेकीची हाक येईना. पोत्यांवरून उडी टाकून कुंडलिक धावत पुढं आला.

मानसिंगनं ओठांवर बोट ठेवलं. "उतारापासून झोपलीया," तो कुजबुजला.

चंद्राचं डोकं खिडकीला टेकलेलं, एक हात पोटावर. कुंडलिकला हसूही आलं आणि रडूही. पोती उतरवायला हमाल पुढं झाले, तसा तो दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला.

"थांबा रं जरा," तो म्हणाला. "लेक झोपलीया माझी."