मालतीअक्काची वेबसाईट

मालतीअक्का फोन उचलून कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. समोरचा टेलर आपली कर्मकहाणी सुरू करायचा, की त्या म्हणायच्या, "तुम्ही थांबा. मशीनला बोलू द्या." मग तो माणूस बार्शीचा असो की बऱ्हाणपूरचा, फोन शिलाई मशीनजवळ धरून चाक फिरवायचा. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. तेवढ्यात दुकानात कुणी खोकलं तरी त्यांचा हात वर जायचा. मग डोळे उघडून सांगायच्या, "शटल झिजलंय. तुम्ही उगाच सुया बदलत बसलात." आणि तिकडे टेलरने खरोखरच सुयांची अख्खी डबी संपवलेली असायची.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत. त्यातल्या पाचव्या गल्लीत अक्कांच्या वडिलांचं, नानांचं, मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. अक्का फ्रॉक घालायच्या वयापासून तिथे उभ्या. लग्न झालं नाही. का झालं नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धाकटा भाऊ वसंत. त्याला तेलाच्या वासाने मळमळायचं, म्हणून त्याने विम्याचं काम धरलं. नाना गेले तेव्हा वसंतने हक्कसोडपत्र आणलं. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी भावाच्या नावे सही करायची, माहेर टिकावं म्हणून. अक्कांना माहेर सोडून दुसरं घरच नव्हतं, तरी त्यांनी सही केली. भावाने साडी दिली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी नेहमीसारखं दुकान उघडलं.

मी तेव्हा जळगावात दोन खुर्च्यांचं ऑफिस टाकून वेबसाईट बनवत होतो. बनवत होतो म्हणजे, कुणी गळाला लागलं तर. गिऱ्हाईक शोधत धुळ्याला यायचो, तसा एकदा अक्कांच्या दुकानात शिरलो आणि तोंडपाठ भाषण ठोकलं. वेबसाईट करा, महिन्याभरात देशभरातून ऑर्डरी येतील वगैरे. अक्का बॉबिन केस पुसत होत्या. मान वर न करता अहिराणीत म्हणाल्या, "महिनाभरमा मेथी येस भाऊ. गिऱ्हाईक नही."

मला वाटलं, झालं, उठावं आता. पण त्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, "दहा वर्षांनी काय होईल ते सांग." इतक्या वर्षांत मला हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी भेटलं नाही. बाकी सगळ्यांना दिवाळीच्या आत हवं असायचं.

पहिलं पान मी झोकात बनवलं. मशीनपुढे बसलेली, हसणारी, गोरीपान बाई. अक्कांनी चष्मा वर करून पाहिलं. "या बाईले सुईमा दोरा टाकता येस का?" त्या क्षणी बाई गेली. तिच्या जागी अक्कांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कागद दिले. एका कागदावर एक दुखणं. मथळेही टेलर लोक बोलतात तसेच: 'मशीन खालून गुंता करते.' 'मशीन टाका सोडते.' 'मशीन जड चालते, पाय दुखतात.' खाली आधी घरच्या घरी काय करून पाहायचं ते, आणि सगळ्यात शेवटी, नाहीच जमलं तर कोणता पार्ट लागेल ते. मी म्हटलं, "अक्का, सगळं फुकट सांगितलं तर पार्ट घेणार कोण?" त्या म्हणाल्या, "ज्याला घरी जमलं तो पुढच्या वेळी मलाच विचारेल. ज्याला नाही जमलं तो आजच विचारेल. तू लिही."

दर आठवड्याला एक पान, असा त्यांचा नेम. पहिल्या वर्षात तीन फोन आले, त्यातला एक राँग नंबर. मी लाजून धुळ्याला जाणं टाळू लागलो. अक्का मात्र कागद पाठवत राहिल्या. "नाना सांगायचे, दुकानाची पायरी झिजायला वेळ लागतो. तुझ्या कॉम्प्युटरला पायरी नसेल का?" दुसऱ्या वर्षी फोन वाढले. पाचव्या-सहाव्या वर्षी तर कुणीही इंटरनेटवर 'मशीन खटखट करते' असं शोधलं की अक्कांचं पान वर यायचं. जाहिरातीला एक छदाम न देता. लोक टेलरच्या भाषेत शोधत होते आणि त्या भाषेत लिहिणारी ती एकटी बाई होती. माझी सगळी हुशारी त्यात शून्य, हे आज कबूल करतो. रोज दुपारी कुरियरवाला पार्सलं न्यायला येऊ लागला. वेबसाईटचं नावही त्यांचंच होतं, मालतीअक्का. खेड्यातल्या, घरी ब्लाऊज शिवणाऱ्या बायका तर पार्ट नको असला तरी फोन करायच्या.

आणि मग वसंतने दुकान मोबाईलच्या शोरूमला भाड्याने दिलं. तो वाईट माणूस नाही. मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता, जागा त्याच्या नावावर होती. घरातही आता जागा पुरत नव्हती, म्हणून अक्कांनी धुळ्यातच, देवपूरला, एक खोली भाड्याने घेतली. सामान हलवायला मी गेलो होतो. स्प्रिंगा, स्क्रू, शटल, सगळं नानांच्या वेळच्या छोट्या खणांत. खण काढता काढता अक्का थांबल्या. एकदम अहिराणीत बोलल्या म्हणजे बोलणं मनातून आलेलं असायचं. "दुकान जाऊ दे. वेबसाईट तर मना नाववर शे ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हो अक्का. तुमच्याच."

खोटं बोललो. वेबसाईट सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे ईमेल नव्हता, म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, मी माझ्या नावावर नोंदवलं होतं. पुढे बदलू म्हटलं. बदलायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी कधी काढला नाही, आणि निव्वळ आळशीपणा म्हणून नाही. आमच्या धंद्यात तशी पद्धतच होती. नाव आपल्याकडे ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. अक्का कुठे जाणार होत्या? पण सवय ती सवय.

पुढे माझं ऑफिस बसलं. मी नाशिकला नोकरी धरली. जुना ईमेल उघडणंच सोडलं. नावाचं नूतनीकरण दरवर्षी कार्डातून आपोआप व्हायचं. एका वर्षी बँकेने कार्ड बदललं आणि ते झालं नाही. आठवण करून देणारी पत्रं त्या जुन्या ईमेलवर येऊन पडली. मुदत संपली आणि नाव मोकळं झालं. अशी नावं उचलायला माणसं टपलेलीच असतात. दहा वर्षांत लोकांच्या पायाखालची झालेली वाट त्यांना आयती मिळते.

अक्कांचा फोन आला. "भाऊ, साईटवर पत्ते दिसताय. पत्ते खेळायचे. माझ्या हातून काही भलतंच दाबलं गेलं का?" दोन दिवस त्या स्वतःच मोबाईल बंद करून चालू करत होत्या. मला त्रास नको म्हणून फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने धुळे गाठलं. बैल गेला अन् झोपा केला. खोलीत अक्कांनी पाणी दिलं, मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "म्हणजे ते माझ्या नावावर नव्हतं?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, अक्का."

पाण्याचा रिकामा पेला उचलत म्हणाल्या, "वसंताने निदान सही तरी घेतली होती." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी मला भाकरी खायला घातली.

नाव परत मिळवायला मी खूप धडपडलो. समोरच्याचा ठावठिकाणा लागेना, पत्रांना उत्तर नाही. मग नवं नाव घेतलं, या वेळी अक्कांच्या नावे, त्यांच्या ईमेलवर. त्यांनी त्याचा कागद छापून मागितला, वाचला आणि घडी करून ठेवला. जुन्या पानांची प्रत मी कुठेच नीट ठेवली नव्हती. हेही माझंच कर्तृत्व. मग अक्का आपल्या वह्या काढून एका बोटाने मोबाईलवर पुन्हा सगळं लिहू लागल्या.

पण लोक जुन्याच नावावर जात होते. पारोळ्याचा एक टेलर, आठ-नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. तो त्या पत्त्यांच्या जुगारात लग्नसराईच्या कापडाचे पैसे घालवून बसला होता. "अक्का, तुमचं नाव होतं म्हणून खेळलो हो," तो रडत म्हणाला. अक्कांनी समजावलं, "माझा त्या साईटशी आता संबंध नाही." तो म्हणाला, "इतकी वर्षं तुमच्याच साईटवर जातोय मी. मला काय शिकवता?" आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून अक्का फोन उचलेनाशा झाल्या. फोन वाजायचा, त्या बघत राहायच्या. मी म्हटलं, "उचला अक्का, एखाद्याचं मशीन बंद पडलं असेल." त्या म्हणाल्या, "एकेकाला किती सांगू, की ती मी नाही?" नव्या साईटवर चाळीसेक पानं झाली. कुणी फिरकलं नाही. मी धीर द्यायला म्हणालो, दोन-तीन वर्षं लागतील, पुन्हा जम बसेल. अक्का हसल्या. "आते तितला दम नही ऱ्हायना, भाऊ." त्या बासष्टच्या होत्या, साखरेने डोळे अधू झाले होते. पण जे संपलं होतं ते वय नव्हतं, हे मला दिसत होतं आणि ते मीच संपवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात अक्का खोलीत एकट्या असतानाच वारल्या. शेजारणीने दार वाजवलं तेव्हा कळलं. मला निरोप उशिरा मिळाला, मी दहाव्याला पोहोचलो. वसंतकडे सतरंजीवर दहा-बारा नातेवाईक बसले होते. वसंतचे डोळे सुजलेले. मला जवळ बसवून घेत म्हणाला, "कागदपत्रांची काही कटकट नाही. अक्काच्या नावावर काही नव्हतंच."

"होतं," मी म्हणालो. "वेबसाईट होती."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती जुगाराची ना? इथे नका काढू. पाहुणे बसलेत."

मग मी काढलीच. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की तो जुगार अक्कांचा नव्हता. नाव मी माझ्याकडे ठेवलं होतं, माझ्या हातून गेलं, अक्कांनी आयुष्यात कुणाला एक स्क्रूसुद्धा खोटा विकला नाही. पलीकडच्या एक आजी मान हलवत शेजारी बसलेल्या बाईला म्हणाल्या, "परका माणूस, पण मेलेल्या बाईचं पाप बिचारा स्वतःवर घेतोय." वसंतने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचं मन फार मोठं आहे," तो म्हणाला.