नातीच्या पियानोचं पेडल

मुलानं लातूरच्या घरात नातीसाठी पियानो आणला. पियानो कसला, वायर लावली तरच बोलणारी पेटी. खाली पितळेची दिसणारी तीन पेडलं. पितळ नाहीच, वरून नुसता मुलामा. जन्मभर लोखंड ठोकलेल्या लोहाराला काय फसवता?

तिनांतली दोन ही पोर वापरतच नाही. उजवं दाबलं की बोट उचललं तरी सूर गुंजत राहतो, सोडलं की गप. एवढ्यासाठी म्हणे शिकवणी लावावी लागते!

शाळेच्या गॅदरिंगला आठ दिवस उरले आणि नात सायकलवरून पडली. उजव्या पायाला प्लास्टर. डाव्यानं दाबायला गेली तर प्लास्टर आडवं येई. वर्षभर तिनं ते एकच गाणं घोटलेलं. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पेडलशिवाय कोरडं वाटेल. दुसऱ्या कुणी दाबलं तरी चालेल." मुलगा-सून नोकरीला. घरात रिकामा मीच.

शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि सुरू केलं, वर-खाली, वर-खाली. भट्टीला भात्यानं वारं असंच देतात. गाणं तुटत तुटत आलं.

"आबा, पंप मारताय का? मी मान हलवली की सोडा, अन् लगेच परत दाबा!"

मग दाबूनच धरलं, तर सगळ्या सुरांचा काला झाला.

बाई म्हणाल्या, "आजोबा, जुना सूर सोडला तरच नवा नीट ऐकू येतो." आणि तोंड असं केलं, जणू माझी बायको गेली त्याचं दुःख त्यांनाच जास्त.

म्हटलं, "बाई, पेडलापुरतं बोला."

अहमदपूरकडच्या आमच्या गावात बायको चाळीस वर्षं भात्याची दोरी ओढायची. मी ऐरणीवर. वारं कमी पडलं की खेकसायचो, "हात मोडला काय गं?" जास्त झालं की, "लोखंड जाळतीस का?" लोक विळा हातात घेऊन नावाजायचे ते मला. आता तसलीच बोलणी मी खात होतो, दहा वर्षांच्या पोरीची, तीही असल्या हौसेच्या पेटीपायी.

गॅदरिंगला तिच्या हनुवटीवरची नजर काढली नाही. माझ्या पायानं पोरीचं हसं व्हायला नको. एकदाही चुकलो नाही. टाळ्या पडल्या, लोकांनी पोरीला घेरलं. एक मास्तरीण माझ्यापाशी आली. वाटलं, काहीतरी बोलेल.

"आजोबा, ते स्टूल जरा बाजूला घेता का?"

रिक्षात बसल्यावर नात म्हणाली, "आबा, पाय दुखला का हो?"

"लई दुखला. पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"तू इचारलं, तवा सांगितलं."

बायकोला हात दुखतो का, हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.