जुनी कचेरी सर्वांसाठी खुली

खांबामागच्या बाईंना ती इमारत कधीच आवडली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवलीही नव्हती.

ऐन विशीत त्या टायपिस्ट म्हणून जुन्या कचेरीत लागल्या, तेव्हा मोठ्या दालनातली सगळी टेबलं भरलेली होती. उरलेली एकच जागा एका दगडी खांबाच्या मागे होती. खांब असा की दोघांनी दोन बाजूंनी कवेत घ्यायचं म्हटलं तरी हाताला हात लागू नये. "तात्पुरतं बसा इथे," हेडक्लार्क म्हणाले. सरकारी भाषेत तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत, हे बाईंना पुढे यथावकाश कळलं. कचेरीत येणाऱ्या लोकांना बाई कधी दिसल्या नाहीत, नुसता मशीनचा आवाज ऐकू यायचा. खांबाच्या आतच काहीतरी यंत्र बसवलंय अशी काहींची समजूत होती. 'खांबामागच्या बाई' हे नाव पडलं ते तेव्हा, आणि मग बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

इमारत जुनी, उंच, आणि बाहेरून बघणाऱ्याला भारदस्त वाटेल अशी. आत बसणाऱ्यांचं मत वेगळं होतं. छत गळायचं. बाई एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने टाइप करायला शिकल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्या पत्रांत जोडाक्षरं कमी असत. वटवाघळं सेवाज्येष्ठतेने सगळ्यांच्या वर होती. वाळवीने एक अख्खं कपाट फायलींसकट फस्त केलं, त्याची रीतसर चौकशी झाली आणि वाळवी निर्दोष सुटली. शेवटी कर्मचाऱ्यांनी अर्ज केला की ही इमारत पाडून नवी बांधावी. तो अर्ज बाईंनी आपण होऊन टाइप केला, तीन कार्बन प्रतींसह. सबंध नोकरीत एवढं मन लावून त्यांनी दुसरं काही टाइप केलं नव्हतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. त्या हिशोबाने हे काम भलतंच सरकारी होतं. वाट बघता बघता कितीतरी जण निवृत्त झाले. अखेर रस्त्याच्या पलीकडे काचेची नवी इमारत उभी राहिली आणि कचेरी तिकडे गेली. बाईंची शेवटची वर्षं तिथे गेली. वर बघितलं की छत दिसायचं, खाली बघितलं की कोरडी फरशी. याहून जास्त अपेक्षा त्यांची कधीच नव्हती. पण हळूहळू अर्ज घेण्याच्या खिडक्या बंद झाल्या, कॉम्प्युटर आले, लोक येईनासे झाले. बाई निवृत्त झाल्या आणि थोरल्या बहिणीबरोबर, आक्कांबरोबर, दोन खोल्यांत राहू लागल्या. आक्का विधवा होत्या, बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी क्षणभर पटतही नसे. आक्कांना खिडकी उघडी हवी असे, बाईंना बंद.

जुनी कचेरी पाडायचं ठरलं, तेव्हा गावातले दातांचे डॉक्टर खवळून उठले. त्यांनी बचाव समिती काढली. "मूळ शाबूत असेल तर उपटायचं नसतं," एवढा एकच मुद्दा त्यांच्याकडे होता, पण तो ते सह्या घेताना पेशंटला खुर्चीत बसवून सांगायचे. तोंडात चिमटा असलेला माणूस सहसा वाद घालत नाही. बघता बघता सह्यांचा ढीग पडला. बाईंची त्याच सुमारास दाढ दुखत होती. त्या गाव ओलांडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, पण सही केली नाही.

तरी इमारत वाचली. छत दुरुस्त झालं, दगड घासूनपुसून काढले, वटवाघळांची बदली झाली. समितीने आनंदाप्रीत्यर्थ आठवडाभराचा सोहळा ठरवला. इमारतीची फेरी, मुलांची चित्रकला स्पर्धा, बँड, चुन्याच्या गिलाव्यावर व्याख्यान. आणि 'जिवंत दालन', म्हणजे जुनं दालन होतं तसं मांडायचं आणि तिथे एक जुनी कर्मचारी काम करत बसलेली दाखवायची. त्या कर्मचाऱ्याच्या शोधात डॉक्टर एके दिवशी सकाळी जिने चढून बाईंच्या दारात उभे राहिले.

"मला ती इमारत आवडत नाही," बाईंनी दारातच सांगितलं.

"आवडायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नुसतं बसायचं."

"तेच तर जन्मभर केलं."

"म्हणूनच तुमचं नाव सुचलं."

बाई दार लावून घेणार तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला, "कोण, डॉक्टर का? या ना, या." आक्कांची कवळी याच डॉक्टरांनी बसवली होती आणि ती इतकी छान बसली होती की आक्का आता कडक टोस्टही खात. ज्या माणसामुळे चावता येतं त्याला त्या रिकाम्या हाताने परत पाठवणं शक्य नव्हतं. त्यांनी चहा टाकला, डॉक्टरांना बसवलं आणि बहिणीला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"घरी तरी काय करतेस? दिवसभर माझ्याशी भांडतेस आणि खिडकी लावतेस. जाऊन बस तिथे. मलाही जरा वारा मिळेल."

बाई गेल्या त्या वाऱ्यासाठी.

पहिल्या दिवशी सकाळी दालनात पाऊल टाकलं आणि त्या गोंधळल्या. लोकांना नीट दिसावं म्हणून समितीने त्यांचं टेबल खांबाच्या पुढे, दालनाच्या अगदी मधोमध ठेवलं होतं. समोर दोरी बांधली होती. मशीन जुनंच, पण तेलपाणी करून घेतलेलं, रिबन नवी. "काहीही टाइप करत राहा," डॉक्टर सांगून गेले. बाईंनी बोटं ठेवली आणि बोटांनी आपोआप लिहिलं: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून.' पुढे विषयच नव्हता, म्हणून त्यांनी तीच ओळ पानभर लिहिली. लोक येत, बघत, "अजून चालतं हो!" असं मशीनविषयी म्हणत आणि पुढे जात. बाईंना समोरून एवढी माणसं कधी बघायला मिळाली नव्हती. कुठे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून त्या कागदाकडे बघत राहिल्या.

दुपारकडे एक बाई दोरीखालून वाकून आत आली आणि सरळ टेबलासमोर उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत कागद. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवते म्हणाली.

"नळाचा अर्ज करायचाय."

"इथे नाही होत," बाई म्हणाल्या. "हे प्रदर्शन आहे."

"बाहेर तर एवढा मोठा फलक लावलाय. 'जुनी कचेरी सर्वांसाठी खुली'."

"बघण्यासाठी खुली. कामासाठी समोर जा, काचेच्या इमारतीत."

"तिथूनच आले. ते म्हणतात, फोनवरून भरा. फोनवरून भरलं तर फोन म्हणतो, चूक आहे. कुठे चूक आहे विचारलं तर तो सांगत नाही." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "नळ नवऱ्याच्या नावावर होता. नवरा गेला. नळ तोडला. वर्ष झालं, सार्वजनिक नळावरून पाणी भरतेय. इस्त्रीच्या धंद्यात पाणी लागतं हो."

"अहो, पण हे खरं ऑफिस नाही."

इस्त्रीवालीने मशीनकडे बोट दाखवलं. "हे खरं आहे का?"

"मशीन खरं आहे."

"आणि तुम्ही?"

बाईंनी पानभर 'महोदय' लिहिलेला कागद काढला, कोरा घातला आणि विचारलं, "नाव सांगा. नवऱ्याचं आधी."

अर्ज झाला. बाईंनी तो वाचून दाखवला. हातात आलेला मसुदा उतरवायचा, एवढंच त्यांनी आजवर केलं होतं; ज्याचा अर्ज त्याचं तोंड बघत लिहायची ही पहिलीच वेळ. 'कृपा व्हावी' हे शब्द आले तेव्हा इस्त्रीवाली म्हणाली, "कृपा कशाला? पाणीपट्टी भरते मी." बाईंनी क्षणभर विचार केला आणि 'कृपा व्हावी' वर फुल्या मारून 'नळ जोडावा' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रांग होती. कुणाच्या घराचा नंबर चुकलेला, कुणाच्या गल्लीतला दिवा बंद, कुणाच्या दाखल्यात बापाच्या जागी मुलाचं नाव आणि मुलाच्या जागी बापाचं. फेरी घेऊन येणाऱ्या मार्गदर्शक मुलीला आधी काही सुचेना. मग तिने तेही फेरीत घेतलं. "त्या काळी," ती पाहुण्यांना सांगू लागली, "लोक असे तासन्‌तास रांगेत उभे राहत."

"कुठल्या काळी?" रांगेतला एक शिंपी म्हणाला. "मी सकाळपासून उभा आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्याचे फोटो निघाले.

डॉक्टर धावत आले. "बाई, हे काय चाललंय?"

"तुम्ही म्हणालात, काहीही टाइप करा."

"पण हे अर्ज देणार कुठे? समोरचे लोक कागद घेतच नाहीत."

"ते मला ठाऊक नाही. टाइप केल्यावर कागद कुठे जातो हे मला कधीच ठाऊक नव्हतं." ते खरं होतं आणि बाईंनी ते आधी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या निम्म्या लोकांचे दात त्यांनीच काढले होते. त्यांनी दोरी सोडून ठेवली आणि दोन बाकं मागवली.

समारोपाला मोठे साहेब आले. समोरच्या काचेच्या इमारतीतले सगळ्यात वरचे. त्यांच्या सहीला मोल होतं आणि ती मिळवायला जन्म जाई. मागे फोटोवाले, पुढे डॉक्टर. साहेबांनी छत पाहिलं, खांब पाहिला, मान डोलावली. मग त्यांना रांग दिसली.

"वा!" साहेब म्हणाले. "हुबेहूब! चेहरे तर बघा, किती त्रासलेले. कुठल्या नाट्यसंस्थेची मंडळी?"

जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या डॉक्टरांचा स्वतःचाच आ झाला.

समोर कुणी घेतला नाही म्हणून आपला अर्ज घेऊन परत आलेली इस्त्रीवाली रांगेत पहिली होती. ती पुढे झाली आणि तिने अर्ज साहेबांपुढे धरला. "साहेब, एवढी सही करा."

"करू या, करू या," साहेब खुशीत आले. त्यांनाही आता भूमिका मिळाली होती. ते बाईंच्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसले, खिशातून पेन काढलं, जुन्या साहेबांसारखा घसा खाकरला आणि अर्जावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मंजूर. तात्काळ कार्यवाही करावी.' खाली सही, तारीख. फोटोवाल्यांनी धडाधड फोटो काढले. "पुढचा!" साहेब ओरडले. शिंपी पुढे झाला. मग घराच्या नंबरवाले. मग दिव्यावाले. साहेबांचा हात चालत राहिला, कधी 'मंजूर', कधी 'त्वरित', आणि एकदा रंगात येऊन 'हयगय खपवून घेतली जाणार नाही'. बाई टाइप झालेला एकेक अर्ज त्यांच्यापुढे सरकवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

रांग संपत आली तेव्हा साहेबांच्या स्वीय सहायकाने एक अर्ज वाचला आणि त्याचा रंग उडाला. तो साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"हे लोक नाटकातले नाहीत?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पण सह्या तुमच्याच आहेत ना?"

इतक्या फोटोंसमोर केलेली सही नाकारायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. साहेब उठले, इमारतीच्या जतनाविषयी दोन शब्द बोलले, तेही नेहमीपेक्षा थोडक्यात, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काचेच्या इमारतीत एकच धांदल उडाली. खालच्याने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला, आणि सगळ्यात वर सही तर आधीच झालेली. कामं झाली. नंतर समितीला एक कडक पत्र आलं की प्रदर्शनीय वस्तूंनी जनतेची कामं करू नयेत. त्याचं उत्तर बाईंनीच टाइप केलं: वस्तू, म्हणजे मशीन, दालनात जशीच्या तशी असून तिने कामकाज बंद केलं आहे, बाई मात्र वस्तू नसल्यामुळे त्या दर बुधवारी कचेरीच्या ओसरीत अर्ज लिहायला बसतील. डॉक्टरांनी खाली 'वारसा उपक्रम' असं लिहून सही केली. आक्काही मग बुधवारी सोबत जाऊ लागल्या, रांगेत कुणी घुसू नये म्हणून. तिथे खिडकी नव्हती, त्यामुळे त्या दिवशी दोघींचं बरं चाले.

एका दुपारी इस्त्रीवाली बाईंना आपल्या घरी घेऊन गेली. दुकानाच्या मागे एक खोली, खोलीच्या मागे मोरी आणि मोरीत नळ. तिने तोटी फिरवली. नळ आधी खोकला, मग पाणी आलं. बाईंनी आयुष्यभर हजारो कागद टाइप केले होते आणि त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं हे पाहिलं नव्हतं. त्यांनी बाही वर केली आणि हात पाण्याखाली धरला. बराच वेळ धरला.

"गढूळ येतंय," त्या म्हणाल्या.

"सुरुवातीला येतं. मग निवळतं."

"नाही निवळलं तर या. बुधवारी असते मी."