बिनरंगाची काच

प्रॅक्टिकल संपवून मी पायऱ्या उतरत होते तेव्हा बाबांचा फोन आला. "भाऊ गेला गं..." एवढंच बोलले. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आदल्या रविवारी असल्फ्याच्या त्यांच्या खोलीत मी त्यांच्यासोबत पेज आणि सुकट खाल्ली होती. आज महिना होऊन गेला. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

आजोबांची गिरणी बंद पडली आणि काकांची शाळा नववीत सुटली. साकीनाक्याच्या एका गाळ्यात ते काच फुंकायला शिकले, ते शेवटपर्यंत तेच करत राहिले. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत लागणाऱ्या काचेच्या नळ्या, चंबू, वाफेचं पाणी करणारे कंडेन्सर. बर्नरच्या निळ्या ज्योतीत काचेची नळी फिरवत ते गाल फुगवून अशी फुंकर घालत की लोण्यासारखी मऊ झालेली काच हवा तो आकार घ्यायची. कंडेन्सरला रबरी नळी जिथे बसते त्या तोंडावर बाकीचे कारागीर दोन कडी काढत, काका तीन. "दोनावर नळी सुटता. पोरांच्या अंगावर पाणी उडता," ते म्हणायचे. वेळ उरला की उरलेल्या तुकड्यांतून पक्षी करायचे. खंड्या, बगळा, एकदा तर चोचीत मासा धरलेली घार.

गाळ्यात एक लाकडी खोकं होतं. आत दिवा, वर दोन काळपट पारदर्शक पत्रे. नुकतीच फुंकलेली काच त्या दोन पत्र्यांमध्ये धरली की तिच्यात रंग उमटायचे. काका म्हणायचे, "काच रागावली आसा." मग ती भट्टीत तापवून हळूहळू निववायची. परत धरली आणि रंग गेलेले असले, तरच माल बाहेर जायचा. दुसऱ्या वर्षाला प्रकाशाचा धडा शिकताना मला अचानक कळलं, हे तेच! घाईने थंड झालेल्या काचेत ताण अडकतो आणि त्या ताणातून जाताना प्रकाश बदलतो. त्या संध्याकाळी मी गाळ्यात जाऊन वहीत लाटा काढून काकांना समजावलं. ते चष्मा वर करून बघत राहिले. मग एक पत्रा हळूच फिरवून म्हणाले, "म्हणजे हो फिरवलो की उजेड बंद होता, ता ह्याच्यामुळे?" वर्गात इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

कॉलेजच्या प्रदर्शनात मी हेच मांडायचं ठरवलं. मला रंगांनी भरलेला पक्षी हवा होता, म्हणजे न निववलेला. काकांनी साफ नकार दिला.

"हे रंग काढूक माझी हयात गेली. आणि तू तेच मांडतलंस? कच्ची वस्तू माझ्या हातून भायर जाऊची नाय. तडाकली म्हणजे?"

"एक दिवसच, काका."

"तडाकताना ती दिवस मोजता काय गो?"

शेवटी मी खरं ते सांगितलं. वर्गात मी मागे बसते. इंग्रजीत कुणी काही विचारलं की माझी दातखीळ बसते. एकदा तरी मला असं काही दाखवायचंय, जे फक्त मला माहीत आहे... काका बर्नर बंद करून हात पुसत राहिले. दोन दिवसांनी दोन खंड्ये तयार होते, एक निववलेला, एक कच्चा. "पण कच्च्याच्या बाजूक मी बसतलंय," ते म्हणाले.

विज्ञानाच्या खोलीत सर म्हणाले, "पक्षी? हे कलेच्या खोलीत द्या." कलेच्या खोलीतल्या मुली म्हणाल्या, "हा तर प्रयोग आहे ना?" शेवटी दोन्ही खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी टेबल मिळालं. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले काका म्हणाले, "बरा झाला. तहान लागलेलो प्रत्येक जण हयसरच येतलो." आणि खरंच तसंच झालं. दिवसभर ते जेवायलाही उठले नाहीत. कुणी बोट पुढे केलं की, "हात नको, बाळा, तो कच्चो आसा."

दुपारी परीक्षक मॅडम आल्या. गाळ्यातून आणलेल्या खोक्याच्या पत्र्यांमध्ये एक खंड्या निळा-नारिंगी, दुसरा नुसता काळोखा. "हा दुसरा फसला का?" त्यांनी विचारलं. मी वहीची पानं उलटू लागले. काका म्हणाले, "नाही मॅडम. रंगीत तो नापास. हा पास."

सगळे हसले. त्या हसण्यात माझी भीती कुठे गेली कळलंच नाही. मी मराठीतच बोलत गेले, खडूचा तुकडा घेऊन टेबलावर लाटा काढल्या, काच का रागावते ते सांगितलं. बक्षीस मिळालं नाही. पण गाळ्यात काका भेटेल त्याला सांगत होते, "चाळीस वर्सां मी हे रंग बघतंय. ते कित्या दिसतत, ता माझ्या पुतणीन सांगल्यान!"

त्याच संध्याकाळी त्यांनी रंगीत खंड्या भट्टीत घातला. मी रुसले. निववून, रंग घालवून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "आता ने. आता तो तुझ्याकडे रव्हतलो."

गेल्या आठवड्यात काकूने खोक्यातले ते दोन पत्रे मला दिले. मी ते कॉलेजात घेऊन गेले. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना कंडेन्सर आहे. कित्येक वर्षं मुलं तो वापरत आली आहेत. त्याच्या तोंडावर तीन कडी आहेत, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. खिडकीशी जाऊन तो पत्र्यांमध्ये धरला. खरं सांगते, कुठेतरी एखादा रंगाचा ठिपका दिसावा, असं वाटत होतं... जोडापाशी, वळणापाशी, कुठेही. बराच वेळ मी तो फिरवत राहिले.

"काय दिसतंय गं?" मैत्रिणीने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. "तू पण बघ ना." आणि पत्रे तिच्या हातात दिले.