पटावरची मुलगी

साठ-पासष्ट सालच्या सुमारास, दिवाळी उलटल्यावर आम्ही रत्नागिरीकडचं आमचं गाव सोडलं. आई डोक्यावर वळकटी घेऊन पुढे, आबांच्या खांद्यावर भांड्यांचं पोतं, माझ्या कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. वाटेत शाळा लागली. मी तिसरीत होते. गुरुजी दारात उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ते आत वळले. आई म्हणाली, "चल. तिथंही शाळा असते."

होती. भाईंदरला आई-आबा मिठागरावर लागले. भावाला सांभाळायला शेजारची गुजराती मावशी तयार झाली. आबा मला शाळेत घेऊन गेले. तिथले मास्तर म्हणाले, "गावचा दाखला आणा, लगेच बसवतो."

आबा मजुरी बुडवून गावी गेले. गुरुजी त्यांना म्हणाले, "मीठ ओढायला दाखला कशाला लागतो? पोर येईल परत." पुढच्या वर्षी आबा पुन्हा गेले. तेव्हा उत्तर मिळालं, मोठे साहेब सही देत नाहीत. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत. मी आधी आईला पाणी नेऊन देत होते, मग मीठच ओढायला लागले. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. भाऊ पहिलीत बसला, त्याला दाखला लागला नाही. त्याला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवून मी कामावर जायची.

दहाएक वर्षांनी चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेले. शाळेत माझ्या शेजारी बसणारी शेवंता भेटली. हसत म्हणाली, "तू गेलीस तरी दोन वर्षं गुरुजी तुझं नाव पुकारायचे. मी 'हजर' म्हणायची. तपासणीला साहेब आले की सांगायची, आजारी आहे. पट कमी झाला असता तर एक मास्तर काढून घेतला असता ना."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं गं."

मी पंगतीतून न जेवता उठले. आबांना मात्र कधी सांगितलं नाही. स्वतःच कुठेतरी कमी पडलो, असं समजतच ते गेले.

आता गावच्या शाळेतून तुमचं पत्र आलंय. शाळेच्या कार्यक्रमासाठी चार शब्द पाठवा म्हणताय. विषयही दिलाय: 'पूर्वी अडाणी पालकांमुळे मुलं शाळा सोडत.' माझ्या अडाणी बापाने दोनदा तुमचा उंबरा झिजवला. मी शाळा सोडली नाही. तुम्ही मला धरून ठेवलंत, कागदावर. तुमची शाळा टिकली, तुमची मुलं शिकली. माझ्या जिवावर शिकली, हे तुमच्यापैकी एकानेही आजवर मान्य केलेलं नाही.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावर विसरलेली अक्षरं पुन्हा गिरवली. तिच्या ॲडमिशनला क्लार्क म्हणाला, "कल आओ." मी म्हटलं, "यहीं बैठती हूँ." चार वाजेपर्यंत बसले. नाव घातल्यावरच उठले.

कार्यक्रमाला मी येणार नाही. गावच्या घरातला माझा हिस्सा भावाला लिहून दिलाय. आईबाप जिथे राबून मेले, तेच माझं गाव. भाईंदर पश्चिमेला, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पेंटरने वेलांटी चुकवली होती. पाटी मी वाचली आणि त्याच्याकडून पुसून पुन्हा लिहून घेतली.